यानीसाहेबाच्या आईची भाषा

नंदुरबारात कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरातल्या वेळा जिनचा भोंगा ठरवायचा. कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्याला आमच्याकडे जिन म्हणतात. पहिल्या भोंग्याला आई तवा चुलीवर ठेवी, दुसऱ्याला मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून घराबाहेर पडे. तेच दिवस मिरची वाळवायचेही असत. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली असे आणि वारा तिकडून आला की अख्खी गल्ली शिंकायची. पुढे स्टेशन ओलांडलं की हवेत कापसाची पिंजण तरंगायला लागे. ती भुवयांवर बसायची, कानात जायची, दिवसभर खाल्लेल्या प्रत्येक घासात लागायची. संध्याकाळी मी घरी आलो की आई मला उंबऱ्याबाहेर उभं करून पंच्यानं झटकायची आणि म्हणायची, "म्हतारा व्हईसन उना मन्हा आंडोर." आंडोर म्हणजे मुलगा. मी तिचा एकुलता एक होतो.

वडील मापाडी होते. मी शाळेत असताना ते एका हंगामाला शहाद्याच्या जिनात गेले होते. एका सकाळी त्यांचे दोन सोबती दारात उभे राहिले आणि आईला म्हणाले, "पाय मुरगळेल शे, वहिनी. चाला." आईनं आंबेहळद उगाळून वाटीत घेतली, वडिलांसाठी भाकरी बांधली, आणि आम्ही गाडीत बसलो. तापी ओलांडताना नावेत ती वाटी कलंडू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. जिनच्या आवारात पोचलो तेव्हा वडील पांढऱ्या कापडाखाली होते. आमच्याकडे मरणाची बातमी अशीच सांगतात. वाटेत माणूस कोसळू नये, गाडीत बसून तो निदान पोचावा, म्हणून आधी आजार सांगायचा, नाहीतर अपघात. त्या सोबत्यांनी आमचं भलंच पाहिलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मला त्या वाटीची इतकी लाज वाटली की मी मनाशी ठरवलं, असं गोड खोटं मी कुणालाही सांगणार नाही. तो निश्चय मी फार प्रामाणिकपणे पाळला. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मॅट्रिक झाल्यावर मला एका परदेशी कंपनीच्या जिनात कारकुनी मिळाली. कंपनीचा कापूस खरेदी करणारा साहेब ग्रीक होता. इंग्रज नव्हे, हे गावाला पटवायला बराच वेळ लागला. त्याचं नाव यानी. बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायची आपली पद्धत त्यानं अशी उचलली होती की मुरलेले दलाल त्याच्यापुढे हात घालताना आधी धोतराला घाम पुसत. त्या वर्षी त्याची विधवा आई त्याच्याकडे राहायला आली. डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख, काळाच रुमाल, हातात काठी. गावातल्या बायका तिला काळ्या लुगड्याची माय म्हणायला लागल्या. तिला इंग्रजी येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं. साहेब तळोदा, अक्कलकुवा, शहादा असा बाजार करत फिरायचा आणि ती बंगल्याच्या ओट्यावर दिवसच्या दिवस कुणाशी एक शब्द न बोलता बसून राहायची. शेवटी साहेबानं मला बोलावलं आणि एक पुस्तक हातात दिलं. इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी लिहिलेलं, आजच्या बोलत्या ग्रीक भाषेचं प्राथमिक व्याकरण. म्हणाला, "दुपारचा तास तिच्यापाशी बस. तिला बोलायला कुणीतरी पाहिजे. चुका केल्यास तर तिला बरंच वाटेल."

ते पुस्तक मी घरी चुलीपाशी बसून वाचत असे. पहिले दिवस भीतीचे गेले, कारण अक्षरं फसवी होती. इंग्रजीतला 'पी' दिसावा आणि तो 'र' निघावा, असं पानोपानी. पण अक्षरं सरली आणि गंमत सुरू झाली. पुस्तक लिहिणाऱ्याला आपल्या इंग्रज विद्यार्थ्यांची फार काळजी होती. नामांना तीन लिंगं असतात, हे सांगताना तो घाबरू नका, हळूहळू सवय होईल, असं पुन्हा पुन्हा धीर देत होता. दार पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे पाठच करावं लागेल, म्हणत होता. मला हसू यायचं. दाराला लिंग नसतं हे इंग्रजीत शिकतानाच मला त्रास झाला होता. नामाची शेवटची अक्षरं विभक्तीप्रमाणे बदलतात, क्रियापदातच कर्ता कळतो म्हणून 'मी' म्हणावं लागत नाही, वडीलधाऱ्यांना अनेकवचनात हाक मारायची, या गोष्टी समजावताना त्यानं पानं खर्ची घातली होती आणि मी ती उलटून पुढे जात होतो. अडलो ते भलत्याच जागी. त्यांच्यात 'ओ, ई, तो' अशी तीन उपपदं, आणि त्यातला 'तो' नपुंसकलिंगी. तो पचायला वेळ लागला.

"बापू, काय वाची ऱ्हायना?" आई विचारायची.

"साहेबाच्या आईची भाषा."

"तिनी भाषा पुस्तकमा शे? मंग ती तोंडमा काय ठेवस?"

दुपारी मी बंगल्यावर जाई. पुस्तकातली वाक्यं माळ्याच्या मुलीची आणि कप्तानाच्या घोड्याची होती, म्हातारीला त्यांचा कंटाळा होता. ती काठीनं वस्तू दाखवायची आणि नाव सांगायची. पाणी नेरो, मीठ अलाती, भाकरी प्सोमी. मी चुकलो की काठी माझ्या पायावर हळूच टेकायची. मला ती 'पेदी मू' म्हणायची, माझ्या लेकरा. ते जिनभर झालं. आमचे मेहताजी, म्हणजे सुरतेकडचे हेडक्लार्क, वही पुढे ढकलून म्हणायचे, "चाल पेदीमू, आ जमा-खर्च कोण तुझी ग्रीक माय जुळवणार?"

पुढे आईही तिथे यायला लागली. त्या दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि मी मध्ये बसून घामाघूम व्हायचो, कारण दोघींना वाटे मी सगळं सांगतोय. साहेबाच्या आईचे मोठे उपास सुरू झाले, तेव्हा आईनं प्रेमानं म्हशीचं दूध नेलं. म्हातारीनं हातानंच नको म्हटलं. उपासाला दूध नाही, तूप नाही, अंडं नाही, मटण नाही. डाळ, भाकरी, भाजी मात्र चालते. आई वाटेत मला म्हणाली, "भाकर खास आन् दूध पेत नही, हाऊ कसाना उपास? हाई त आपुन रोजच करतस." तरी दुसऱ्या दिवसापासून ती कळण्याची भाकरी आणि तेल घातलेला ठेचा घेऊन जाऊ लागली. म्हातारी ठेच्यानं डोळ्यांतून पाणी काढत खायची आणि पुन्हा हात पुढे करायची. बंगल्याचे खानसामे करीमचाचा मला म्हणाले, "बापूभाई, मैं इतना पकाता हूँ, अम्मा को तुम्हारी वालिदा की मिर्ची चाहिए." मी पुढे खूप ठिकाणी नोकऱ्या केल्या, बदल्यांच्या गावी राहिलो. त्या ओट्यावरच्या तासाइतका मी कुठेच उपयोगी पडलो नाही, असं मला वाटतं, आणि तिथेच मी सर्वांत जास्त नुकसान केलं.

होळी जवळ आली होती. डोंगरातली माणसं होळीआधी कापूस विकून मोकळी होतात, म्हणून साहेब दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जोडून अक्कलकुव्याला गेला आणि ठरल्या दिवशी परतला नाही. त्याच्या जागी कापसाची एक गाडी आली. गाडीवान डोंगरातला, अहिराणी मोजकंच बोलणारा. मेहताजींनी त्याला ओसरीवर घेतलं. मी शेजारी उभा होतो.

"सायेबले ताप भरेल शे," तो म्हणाला. "तठेच पडेल शे. बरं वाटनं त येई."

"बोलतो ना?"

"नही."

"डोळा उघडतो?"

"काल त नही."

तो तांब्याभर पाणी प्यायला आणि बैल सोडायला निघून गेला. मेहताजी खुर्चीत बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेदीमू, समजलास ना?" मी समजलो होतो. तापी, ती वाटी, सगळं एकदम समोर आलं. त्यांनी मिस्त्रीला बोलावून यंत्रं थांबवायला सांगितली. साहेब गेला असताना जिन चालू ठेवणं त्यांना अशोभनीय वाटलं. एकेक करून पट्टे थांबले आणि भर दुपारी इतकी शांतता झाली की गेटापलीकडच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज यायला लागला. कामावरच्या बाया डोक्यावरची पिंजण झटकत घरी निघाल्या. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण जिन अवेळी थांबलं म्हणजे काय ते प्रत्येकीला कळलं.

"तू बंगल्यावर जा," मेहताजी म्हणाले. "अम्माला सांग, ताप आहे. बस. बाकी आपण पाहू."

"पण खरं काय आहे, मेहताजी?"

"अरे भाई, खरं आपल्याला कोण सांगितलं आहे? तू ताप सांग."

मी पोचलो तेव्हा माझी आई आधीच तिथे होती. जिनमधल्या बायांकडून तिला वाटेतच कळलं होतं. ओट्यावर आणखी सात-आठ जणी भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर कपाळाच्या खाली ओढून, काही न बोलता. आमच्याकडे ज्या घरी माणूस गेलं त्या घरी असंच जाऊन बसतात. आई सगळ्यांत पुढे, म्हातारीच्या खुर्चीपाशी खाली बसली होती आणि तिनं म्हातारीचा हात हातात घेतला होता. म्हातारीची नजर त्या पदरांवरून एकेक करत फिरत होती. मला पाहिल्याबरोबर ती उठली.

"यानी कुठे?"

मी म्हटलं, अक्कलकुव्याला. म्हटलं, त्याला पिरेतो आहे. पिरेतो म्हणजे ताप. हिवतापाच्या आमच्या मुलखात हा शब्द तिनं मला फार लवकर शिकवला होता. मी तो बरोबर उच्चारला आणि तिनं मान हलवली, जणू ते काही ऐकण्यासारखं नव्हतंच. बायकांकडे काठी केली. मग माझे दोन्ही खांदे धरून एकच शब्द विचारला, "झी?"

जिवंत आहे का?

इतकी वर्षं मी या जागी थांबत आलो आहे. गाडीवानानं ताप सांगितला होता. मरण कुणीच सांगितलं नव्हतं. आहे म्हणायला काहीच हरकत नव्हती. मेहताजींनीही तेच सांगून पाठवलं होतं. पण माझी खात्री झाली होती की साहेब गेला आहे, आणि आता मी त्या सोबत्यांसारखा दारात उभा आहे, एका बाईच्या हातात आंबेहळदीची वाटी देतो आहे. ते मला करायचं नव्हतं. मेला म्हणायचीही माझी हिंमत नव्हती, कारण तेही मला ठाऊक नव्हतं. मी खरं तेवढंच बोललो. "देन क्सेरो," म्हणालो. मला माहीत नाही.

तिनं माझे खांदे सोडले. पुढे ती मला म्हणाली की तिच्या गावातही अशी बातमी आणणारा माणूस आधी ताप म्हणतो आणि मग मला माहीत नाही म्हणतो. तिनं डोक्याचा काळा रुमाल सोडला. तिचे केस मी तोवर पाहिले नव्हते. ते पांढरेशुभ्र होते आणि कमरेपर्यंत आले. ती खाली बसली आणि गायला लागली. मी रडायला लागली असं लिहीत नाही, कारण ते गाणंच होतं, ओळीला ओळ जोडलेलं, प्रत्येक ओळीच्या शेवटी मुलाचं नाव. मला तुटक तुटक कळत होतं. यानी, तुला पाणी कुणी दिलं. यानी, कुठल्या मातीत तू निजलास, तिथली भाषा तुला येत नाही. माझ्या आईला एक शब्द कळत नव्हता, पण आमच्याकडच्या बायकाही मेलेल्याला नाव घेऊन, हेल काढून, त्याचं सगळं सांगत रडतात. आईनं तिच्या गळ्यात हात घातला आणि आपला सूर धरला. माझ्या वडिलांसाठी ती जशी रडली होती तशीच ती साहेबासाठी रडली. करीमचाचा स्वयंपाकघराच्या दारात भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला तिथून पळून जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आला. दुसऱ्या एका गाडीत कापसाच्या गाठोड्यांवर आडवा, घोंगडीत गुंडाळलेला, दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, पण आला. गेटाशी त्यानं बंद जिन पाहिलं, बंगल्यापाशी चपलांचा ढीग पाहिला आणि घोगऱ्या आवाजात मला इंग्रजीत विचारलं, "कोण गेलं?" कालचा गाडीवान जिनातच मुक्कामाला होता, तो गाडीमागोमाग आला होता. माझी आई धावत बाहेर आली आणि त्याच्यावरच उसळली, "मेल्या, काब्र असं सांगं तू?" तो गोंधळून म्हणाला, "ताप व्हता, ताप सांगा. मरता त मरी गया सांगतू."

आईच्या आनंदाला पारावार राहिला नाही. जिवंत माणसाच्या मरणाची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे मानतात. तिनं घरी जाऊन साखर आणली, ओट्यावरच्या प्रत्येक बाईच्या तोंडात चिमूट घातली आणि म्हातारीपुढे ताट धरलं. पण म्हातारी दारातच अडकल्यासारखी उभी होती. करीमचाचा आणि गाडीवान साहेबाला आधार देत आत नेत होते, तशी ती मागे मागे सरकली. तिनं त्याला हात लावला नाही. कपाळावर, छातीवर बोटांनी क्रूस काढत राहिली.

"काय म्हनी ऱ्हायनी ती?" आईनं मला विचारलं.

मी ऐकत होतो. ती हलक्या आवाजात, मला कळावं म्हणून सोप्या शब्दांत सांगत होती. आमच्याकडे जिवंत माणसाचं ते गाणं कुणी गात नाही. मी गायले. मी त्याला मातीत घातलं. आता माती त्याला मागेल.

मी आईला हे सांगितलं. आईनं हातातलं ताट खाली ठेवलं. "मीच सगळ्या बायास्ले लई उनू," ती म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसली. साहेब आतून हसून काहीतरी बोलला, आपल्या आईला समजवायचा प्रयत्न करत होता, पण म्हातारी ऐकेना. मी पुस्तक काखेतून काढून टेबलावर ठेवलं. मला इथे पुन्हा यायचं नाही, असं साहेबाला सांगायची वाक्यं मनात जुळवत होतो.

तेव्हा म्हातारीनं मला बाहीला धरून साहेबाच्या खाटेपाशी नेलं. म्हणाली, "म्हण."

"काय?"

"काल तुला विचारलं होतं. आता म्हण."

मी साहेबाकडे बघितलं. तापानं त्याचे डोळे अजून लालच होते. मी म्हणालो, "ओ योस सू झी." तुझा मुलगा जिवंत आहे.

"पुन्हा."

मी पुन्हा म्हणालो. ती म्हणेल तितक्या वेळा म्हणालो, आणि शेवटी तिनं मुलाच्या कपाळावर हात ठेवला. माझ्याच तोंडून तिला ते का हवं होतं, मी विचारलं नाही. काल ते न म्हणणारा मीच होतो, एवढं कारण पुरेसं असावं.

साहेब बरा झाला. जिन पुन्हा सुरू झालं, मिरची वाळून पोत्यांत गेली. मी दुपारी जात राहिलो, पण तास आता तसा सुरू होत नसे. आधी उंबऱ्यावर उभं राहून मी ते वाक्य म्हणायचं, मग ती काठीनं खुर्ची दाखवायची. साहेब बाजाराला गेलेला असला तर ती माझ्या तोंडाकडे जास्तच टक लावून बघायची. तो तिकडे तापीपलीकडे कसा आहे हे मला ठाऊक नसे, आणि तरी मी म्हणत असे. मेहताजींनी मला पेदीमू म्हणणं सोडून दिलं होतं. आई अधूनमधून ठेचा पाठवायची, स्वतः मात्र क्वचितच जायची.

उन्हाळा तापला, हंगाम संपला आणि मायलेक सुरतेच्या गाडीनं मुंबईला निघाले. तिथून त्यांना बोट होती. साहेब फलाटावर हमालांशी बोलत होता. म्हातारी डब्याच्या खिडकीत बसली होती. आईनं तिच्या मांडीवर भाकऱ्यांचं फडकं ठेवलं आणि पदरानं तोंड पुसत बाजूला झाली. गाडी हलायच्या आधी म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि खिडकीपासून तोंड फिरवलं.

ते पुन्हा आले नाहीत. पुढच्या हंगामाला कंपनीनं दुसरा साहेब पाठवला. मग लढाई पेटली, त्यांच्या देशात शत्रूचं सैन्य शिरल्याचं आणि तिथे लोक भुकेनं मरत असल्याचं वर्तमानपत्रात येऊ लागलं. मी गावांची नावं शोधत असे, पण तिचं गाव कोणतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. यानीसाहेब तेव्हा तिशीतला होता. तो जगला की गेला, त्याची आई त्याच्या आधी गेली की नंतर, मला आजतागायत कळलेलं नाही. माझी मुलं विचारतात, बाबा, तुम्हाला ग्रीक येतं ना, काही बोलून दाखवा. बाकी सगळं विसरलो आहे. ते एक वाक्य मात्र रोज सकाळी, पूजा आटोपल्यावर, कुणी जवळ नसताना मी म्हणतो. त्या ओट्यावर खरं ठाऊक नव्हतं म्हणून मी ते म्हणालो नाही. आजही ठाऊक नाही. आज म्हणतो.